गुलामांच्या खऱ्या गोष्टी आणि आपली मुले

लहान मुलांना कोणत्या गोष्टी सांगाव्यात आणि कोणत्या सांगू नयेत, हा वाद आपल्याकडे बराच जुना आहे. राक्षसांच्या गोष्टींनी मुले भित्री होतात असे म्हणणारे एके काळी होते. पऱ्यांच्या गोष्टींनी ती स्वप्नाळू होतात असे म्हणणारेही होते. आता राक्षस आणि पऱ्या या दोघांनाही माफी मिळाली आहे. पण खऱ्या माणसांनी खऱ्या माणसांवर केलेल्या जुलमाची गोष्ट मुलांपुढे ठेवायची वेळ आली, की आपण अजूनही घुटमळतो. त्यातून गोष्ट गुलामगिरीची असली तर विचारायलाच नको. माणसाचा बाजार भरतो, त्याची किंमत ठरते, आई एका गिऱ्हाइकाकडे जाते आणि मूल दुसऱ्याकडे, हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला सांगावे काय? सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते कसे सांगावे आणि मराठीत आपण आजवर ते कसे सांगत आलो, याचा थोडा हिशेब मांडल्याशिवाय त्या मताला वजन येणार नाही.

मराठी घरांतल्या मुलांना गुलामगिरी पहिल्यांदा भेटते ती बहुधा वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकात. १९८१ साली राजहंस प्रकाशनाने ते काढले आणि तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या निघतच आहेत. वाढदिवसाला, शाळेच्या बक्षीस समारंभाला, मुंजीत आहेर म्हणून, असे ते घराघरांत पोचले. जॉर्ज कार्व्हर अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात एका गुलाम आईच्या पोटी जन्मला. तिचे नाव मेरी. मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याने तिला १८५५ साली सातशे डॉलरला विकत घेतले होते. जॉर्ज तान्हा असताना गुलाम पळवणाऱ्या टोळीने रात्री धाड घालून मायलेकरांना नेले. आई पुन्हा कधी सापडली नाही. मूल तेवढे परत आले, आणि ते आणून देणाऱ्याला मोझेसने आपला एक घोडा दिला.

या घोड्यापाशी प्रत्येक मूल थबकते. मी चिंचवडला राहतो. आमच्या वसाहतीत रविवारी सकाळी पाच-पंचवीस मुले जमतात आणि आम्ही त्यांना पुस्तके वाचून दाखवतो. अत्याचाराच्या वर्णनाने जे होत नाही ते या एका व्यवहाराने होते, हे मी त्या बैठकीत पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ‘एका माणसाला एक घोडा?’ असे कुणी तरी विचारतेच. गुलामगिरी म्हणजे काय ते त्या क्षणी मुलाला कळलेले असते. चाबूक, साखळदंड, रक्त यांची आठवण पुढे पुसट होते. घोडा मात्र राहतो. खऱ्या गोष्टीचे सामर्थ्य असते ते हेच. तिला आक्रोश करावा लागत नाही. किंमत सांगितली तरी पुरते. गवाणकरबाईंनी हा संयम पाळला आहे, आणि त्यांचे पुस्तक तीन पिढ्यांच्या हाती टिकले याचे ते एक कारण असावे.

पण त्या पुस्तकाचा ओघ आहे कार्व्हरच्या शिक्षणाकडे, टस्कीगीच्या शाळेकडे, भुईमुगाकडे आणि थकलेल्या जमिनीकडे. शास्त्रज्ञाचे चरित्र तिकडेच जायला हवे. १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टनच्या बोलावण्यावरून टस्कीगीला गेलेला हा माणूस १९४३ साली वारला तोवर त्याची कीर्ती जगभर झाली होती. वाचणारे मूल त्याच्याबरोबर धावत सुटते. आणि भुईमुगाच्या प्रकरणापर्यंत येताना मेरी त्याच्या मनातून निघून गेलेली असते. गुलामगिरी म्हणजे एक हुशार, कष्टाळू मुलगा ओलांडून गेला तो अडथळा, एवढाच तिचा ठसा उरतो. हा दोष पुस्तकाचा नव्हे. त्या एका पुस्तकावर थांबून आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्या आपणा वडीलधाऱ्यांचा तो आहे. गुलामगिरीतून निसटलेल्यांच्याच गोष्टी मुलांनी ऐकल्या, तर न निसटलेल्या लाखोंविषयी त्यांच्या मनात नकळत एक विपरीत मत तयार होते: तेही हुशार असते तर सुटले असते!

पुस्तक वाचून झाल्यावर मी मुलांना विचारले, ‘गुलामगिरी कुठे होती?’ उत्तर आले, ‘अमेरिकेत.’ ‘आणि आपल्याकडे?’ यावर एक मुलगी चटकन म्हणाली, ‘आपल्याकडेही होती की! इंग्रजांची.’ चिंचवडच्या मुलीचे हे उत्तर अगदी स्वाभाविक आहे. इथे चापेकरांचा वाडा आहे. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडणाऱ्या भावांची हकिकत येथल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते, आणि तिच्यात ‘गुलामगिरी’ हा शब्द पारतंत्र्याच्या अर्थाने येतो. एका मोठ्या लढ्यासाठी आपण तो शब्द इतका वापरला, की त्याच्या मूळ अर्थासाठी आपल्यापाशी शब्दच उरला नाही. देश गुलाम होता हे मुलांना ठाऊक आहे. देशात गुलाम होते, हे ठाऊक नाही.

भाषा मात्र विसरलेली नाही. संप झाला, की प्रवाशांना ‘वेठीस धरले’ असे आपण म्हणतो. ही वेठ म्हणजे सक्तीने, बिनमोबदला करून घेतलेली चाकरी. ‘बटीक’ हा शब्द आज कुणावर ताशेरा ओढायला वापरतात. एके काळी ती घरात विकत आणलेली बाई असे. ‘कुणबीण’ म्हणजे खरे तर कुणब्याची बायको, शेतात राबणारी गृहिणी. पेशवाईच्या कागदांत त्याच शब्दाचा अर्थ गुलाम स्त्री असा झाला. सरकारी कोठ्यांत, पागांत आणि किल्ल्यांवर या कुणबिणी दळण दळत, शेण काढत, इमारतीची कामे चालू असली तर चुना-माती वाहत. त्यांची खरेदी-विक्री होई, त्यांच्यावर जकात घेतली जाई, सरदार-कारकुनांना त्या बक्षीस दिल्या जात. बदकर्माचा आरोप येऊन सरकारने कुणबीण केलेल्या बायकाही त्यांत असत, आणि कुणबिणीचे मूल धन्याचेच मानले जाई. पुण्याच्या दप्तरांत यांच्या नोंदी आहेत, आणि अभ्यासकांनी त्यांवर लिहिलेही आहे. कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामावरचा हक्क मानायचे बंद केले आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. येथपर्यंतचा हा इतिहास मोठ्यांसाठीच्या जाड ग्रंथांत आहे. मुलांच्या पुस्तकांतल्या किल्ल्यांवर तोफा असतात, बुरूज असतात, फितुरीही असते. पण दळण कोण दळत होते, ते नसते.

येथे आपल्या एखाद्या वाचकाला राग येईल. थोरांच्या इतिहासातली उणी मुलांपुढे कशाला काढायची, असे तो म्हणेल. मला हा राग समजतो, पण पटत नाही. चाकणच्या भुईकोटावर आम्ही मुलांना नेले, तेव्हा १६६० साली शाइस्ताखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने तो कसा लढवला ते सांगताना माझाही ऊर भरून आला. त्या अभिमानाला दळण दळणारीचे नाव घेतल्याने तडा जाणार असेल, तर तो अभिमान फारच पातळ म्हणायचा. मुलांचे मन आपण समजतो तेवढे अरुंद नसते. एकाच काळात शौर्यही होते आणि कुणबीणही होती, ही दोन सत्ये ती शेजारी शेजारी ठेवू शकतात. ठेवता येत नाहीत ती आपल्यालाच.

त्याच चाकणहून नाशिक रस्त्याने वर गेले, की नारायणगाव सोडून डावीकडे जुन्नर लागते. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने निजामशाहीची राजधानी काही काळ तेथे नेली होती. जमीनमहसुलाची व्यवस्था लावणारा, गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणणारा वजीर म्हणून मलिक अंबर शाळेत भेटतो. त्याची धारेपद्धत परीक्षेत विचारतात. पण तो हबसाणातला, आजच्या इथिओपियातला, लहानपणी विकला गेलेला मुलगा होता, हे एका वाक्यात उरकले जाते. त्याचे जन्मनाव चापू असल्याचे सांगतात. अंबर हे धन्याने ठेवलेले नाव. पीटर व्हॅन डेन ब्रुक हा डच व्यापारी १६१७ साली त्याला भेटला होता, आणि मोखा बंदरात हा मुलगा वीस डुकाटांना विकला गेला होता अशी नोंद त्याने केली आहे. आणखी एक गोष्ट मुलांना चक्रावून टाकते. अहमदनगरात ज्याने त्याला विकत घेतले, तो निजामशाहीचा पेशवा चंगीझखान स्वतः कधी काळी हबशी गुलामच होता. धनी गोरा आणि गुलाम काळा, हे अमेरिकेच्या गोष्टींनी मनात रेखलेले सोपे चित्र येथे मोडते. आणि गुलामगिरीचा धागा रंगापेक्षा बाजारात आणि सत्तेत जास्त गुंतलेला आहे, हे मुलाच्या ध्यानी येते. चाकण-जुन्नरच्या वाटेवर राहणाऱ्या मुलांना मिसूरीआधी ही गोष्ट सांगायला काय हरकत आहे?

अमेरिका आणि आपण यांचा सांधा जोडणारा पहिला मोठा मराठी ग्रंथ जोतीराव फुल्यांचा. १८७३ साली निघालेल्या त्या पुस्तकाचे नावच ‘गुलामगिरी’, आणि ते त्यांनी अर्पण केले अमेरिकेतल्या काळ्या गुलामांची सुटका करण्यासाठी झिजलेल्या तिकडच्या लोकांना. पुण्यातला एक माणूस, तेथील गुलामगिरी कायद्याने संपून आठच वर्षे झाली असताना, त्या बातमीचा अर्थ आपल्या गावातल्या शूद्रातिशूद्रांसाठी लावतो, ही घटनाच मुलांना सांगण्याजोगी आहे. ते पुस्तक संवादात आहे. धोंडीबा विचारतो आणि जोतीराव उत्तरे देतात. त्यातला पुराणांचा वाद लहानांना झेपणारा नाही. पण धोंडीबाची विचारण्याची रीत त्यांनी जरूर उचलावी.

आता ज्या पुस्तकासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली प्रसिद्ध झाले, आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. हे पुस्तक बालवाङ्मयात कुणी धरत नाही. पण मराठीतली गुलामगिरीची सर्वांत मोठी खरी गोष्ट त्यात आहे, असे मी म्हणेन. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत, वारली तरुणाला लग्नासाठी सावकाराकडून थोडेसे कर्ज घ्यावे लागे. त्या कर्जापायी तो जमीनदाराचा ‘लग्नगडी’ होई. म्हणजे स्वतः तर राबेच, पण ज्या बायकोसाठी कर्ज काढले तीही त्याच घरी राबे, आणि हिशेब जमीनदाराच्या वहीत असल्यामुळे कर्ज कधी फिटत नसे. दंडसंहितेत गुलामगिरी गुन्हा ठरून ऐंशी वर्षे लोटली होती. मुंबई येथून काही तासांच्या अंतरावर होती. लग्नासारखा मंगल प्रसंगच जेथे दास्याचा दाखला ठरतो, ती गोष्ट सांगायला कल्पित कथेची काय गरज?

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिला काही वारली गेले होते. मे महिन्यात झरी येथे वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठ करायची नाही असे ठरले. गोदूताई आणि शामराव परुळेकर गावोगाव फिरले. लग्नगडी मोकळे झाले. ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मेले. हे सारे गोदूताई साध्या, घरगुती मराठीत सांगतात. त्या मोठ्या घरातून आलेल्या, शिकलेल्या बाई. पण पुस्तकाचे नाव त्यांनी स्वतःवर घेतले नाही. जागा होतो तो माणूस. मुक्ती देणारी बाई आणि मुक्त होणारे दीन, असा देखावा त्यांनी मांडला नाही. भिणारा, मागे सरणारा, पुन्हा पुढे येणारा, आपल्या बुद्धीने वाट काढणारा वारली त्यात दिसतो. कार्व्हरच्या गोष्टीत एक जण बाहेर पडतो. येथे सारेच्या सारे उठतात. ज्या मुलाने दोन्ही वाचले, त्याला ‘तेही हुशार असते तर’ असे पुन्हा म्हणता येणार नाही.

पुस्तकाला मर्यादा आहेत. ते मोठ्यांसाठी लिहिलेले आहे. चळवळीच्या बैठका आणि ठराव यांची पाने मुलांना जड जातील. जमीनदारांच्या छळाची काही वर्णने तेरा-चौदा वर्षांच्या आतल्या मुलापुढे एकटी सोडू नयेत. म्हणून मोठ्यांनी प्रसंग निवडून, शेजारी बसून ते वाचून दाखवावे. आमच्या बैठकीतील एक आई मला म्हणाली, ‘अशा गोष्टींनी मुलांची झोप उडते.’ उडते, हे खरे. पण मी पाहिले आहे ते असे, की मुलांना भय वाटते ते ज्या गोष्टीतून वाटच दिसत नाही तिचे. जुलूम कसा चालत होता, कुणाच्या वहीवर, कुणाच्या धाकावर, आणि तो कसा मोडला, हे सांगितले की भयाची जागा विचार घेतो. फार काळजी घ्यायची ती कीव टाळण्याची. ‘अरेरे, बिचारे!’ म्हणून मूल डोळे पुसते आणि आपण किती कनवाळू म्हणून सुखावते. गुलामाच्या गोष्टीने एवढेच साधले तर ती न सांगितलेली बरी.

म्हणून अशी कोणतीही गोष्ट निवडताना मी तीन प्रश्न विचारतो. हिच्यात मालक कोण होता ते नीट सांगितले आहे काय? कारण पुष्कळ गोष्टींत गुलाम असतो आणि त्याचा मालक मात्र धुक्यात असतो. दुसरा प्रश्न, मागे राहिलेल्यांचे काय झाले याची आठवण गोष्ट ठेवते काय? मेरी कोठे गेली हे ठाऊक नाही, हेदेखील सांगायला हवे. आणि तिसरा, गोष्ट संपल्यावर मूल आपल्या आसपास पाहील काय?

तिसऱ्या प्रश्नासाठी फार दूर जावे लागत नाही. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांची हकिकत वर्तमानपत्रांत आली. नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे ही मुले मेंढ्या राखायला दिली गेली होती. मोबदला काही हजार रुपये आणि एक मेंढी. त्यातली एक लहान मुलगी मरण पावली तेव्हा हे उघडकीस आले, आणि १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. कार्व्हरच्या घोड्यापाशी थबकणाऱ्या आपल्या मुलांना ही मेंढी सांगायला आपली जीभ का अडखळते? घोडा लांबचा आहे आणि दीडशे वर्षांपूर्वीचा. मेंढी आपली आहे, एवढाच काय तो फरक.

आमच्या या पट्ट्याकडेच पाहा. पिंपरी ते चाकण रात्रंदिवस कारखाने चालतात. येथून मोटारी आणि त्यांचे सुटे भाग देशभर आणि देशाबाहेर जातात. घरे वाढली तसा विटांचा खपही वाढला, आणि मोशी-चिखलीच्या बाजूला वीटभट्ट्या लागल्या. मराठवाड्याकडून कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन भट्ट्यांवर येतात. उचल घेतली म्हणजे वेठबिगारी झाली, असे कुणी समजू नये. पण उचल फिटेपर्यंत जाता येत नाही, दुसरीकडे काम धरता येत नाही, ठरलेली किमान मजुरी मिळत नाही, असे झाले की कायद्याच्या लेखी ती वेठबिगारी होते, आणि ते कर्ज फेडण्याचे बंधन उरत नाही. ही व्याख्या सातवी-आठवीतल्या मुलाला सहज समजते. लग्नगड्याची वही त्याने वाचलेली असली, तर उचलीचा हिशेब कोण ठेवतो हे तो आपण होऊन विचारील. वसईकडे विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने भट्टीवरच्या झोपड्यांत, म्हणजे भोंग्यांत, राहणाऱ्या मुलांसाठी ‘भोंगा शाळा’ काढल्या. वेठबिगारांच्या मुक्तीसाठी केलेल्या कामाबद्दल १९९९ साली पंडित दांपत्याला लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा पुरस्कार मिळाला. ही गोष्टही खरीच आहे, आणि ती आनंदाचीही आहे. मुलांना तीही सांगावी.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणी विचारील. सणाला गोड लिहावे, हा संकेत मला मान्य आहे. पण पाऊस सरला, दिवाळी झाली, की भट्ट्या लागतात आणि उचल घेतलेली माणसे घर सोडतात. आपल्या मुलांना सुटी लागते त्याच दिवसांत त्यांच्या वयाची काही मुले आपली शाळा अर्धी टाकून आईबापांबरोबर निघालेली असतात. फराळ झाल्यावर दुपारी घरात मोठ्याने वाचायला एखादे पुस्तक हवे असेल, तर यंदा कार्व्हर काढावा. आणि तो संपला, की गोदूताईंचे पुस्तक हाती घ्यावे. मुले प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरे द्यायला बसावे, उठून जाऊ नये.